पाण्यात राहिलेलं बंदर

सौदीतल्या यान्बूत फेब्रुवारीच्या शेवटी वाळवंटाकडून वारा सुटतो. एरवी शाळेच्या गच्चीवर समुद्राचा वास येतो, किंवा रिफायनरीचा. त्या दिवसांत दोन्ही वास जातात आणि फक्त धुळीचा उरतो. खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले तरी बाकांवर पिवळसर थर बसतो आणि मुली त्यात बोटांनी नावं लिहितात. दहावीची परीक्षा याच दिवसांत येते. त्यामुळे इथे शिकवणाऱ्यांच्या डोक्यात धूळ आणि परीक्षा यांची गाठ पडलेली आहे. घशात खवखव सुरू झाली की आधी आठवतो तो अभ्यासक्रम, किती राहिला तो.

याही वर्षी वारा सुटला आहे. दहावीच्या वर्गात सतरा मुली आहेत. बाक तिप्पट आहेत, कारण बाक कोणी नेत नाही. उद्या नकाशावाचनाची उजळणी आहे आणि त्यासाठी स्मार्टबोर्डावर एक जुनं रेकॉर्डिंग लावायचं आहे. ते दर वर्षी लावलं जातं. त्यात कोणाचाही चेहरा दिसत नाही. मनगटापासून पुढचा एक हात दिसतो. त्याच्या नखांवर उतरत आलेली मेंदी आहे. आणि एक आवाज ऐकू येतो.

तो हात मुस्कानचा. ज्या मोसमात तो रेकॉर्ड झाला, त्याबद्दल हे लिहिणं आहे. शिक्षिका होण्याआधी काही वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढली. तिथे लागलेली एक सवय सुटलेली नाही: जे पाहिलं ते वेगळं ठेवायचं, जे ऐकलं ते वेगळं. इथेही तसंच ठेवलं आहे.

*

आमच्या शाळेत भारताचं पुस्तक शिकवतात. इंग्रजी माध्यम, भारतातलं बोर्ड, भारताचा भूगोल. खरीप, रब्बी, गाळाची माती, काळी माती, बारमाही नद्या. ज्या देशात बारमाही नदी एकही नाही, तिथे बसून मुली नद्यांच्या उपनद्या पाठ करतात आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतात. यात अडचण अशी कुणाला वाटत नाही. परीक्षा पाठांतराची असेल तर नदी पाहिलेली असण्याची गरज नसते.

त्या वर्षी नद्यांचा धडा चालू असताना मुस्कानने हात वर केला. दाभोळच्या खाडीजवळच्या एका गावची ही मुलगी. वडील यान्बूच्या बाजारात चष्म्यांच्या दुकानात. शेवटची गावी गेली तेव्हा पहिलीत होती, तीही जुलैच्या सुट्टीत. घरी आईवडील कोकणी मराठीत बोलत आणि ही हिंदीत उत्तर देई.

"मॅम, नदी बारिश के बाद भी रहती है? मतलब, रोज?"

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "जुम्मे को छुट्टी होगी उसकी."

वर्ग हसला. मुस्कानही हसली, पण हात खाली घेतला नाही. प्रश्न बरोबर होता. इथल्या मुलींना माहीत असतो तो वादी, म्हणजे पाऊस पडला तर तासभर वाहणारा आणि उरलेलं वर्ष गाड्या उभ्या करायला उपयोगी पडणारा कोरडा पट्टा. नदीलाही तसंच का नसावं, याचं उत्तर पुस्तकात नव्हतं, कारण पुस्तक लिहिणाऱ्याला असा प्रश्न पडण्याचं कारण नव्हतं. तिला पाणलोट, भूजल, झरे असं सांगितलं. तिने लिहून घेतलं. पटल्यासारखं दिसलं नाही.

*

स्मार्टबोर्ड त्याच वर्षी आले. मुलींच्या विभागात पुरुष कारागीर शाळेच्या वेळेत येऊ शकत नाहीत, म्हणून ते गुरुवारी दुपारी शाळा सुटल्यावर आले आणि रविवारी सकाळी आम्ही वर्ग उघडले तेव्हा भिंतीवर हिरवा फळा नव्हता. भिंतीवर जागा एकाचीच होती, ती स्मार्टबोर्डाने घेतली. खडूच्या पेट्या जिन्याखालच्या कपाटात गेल्या. नकाशांच्या गुंडाळ्या आणि कोऱ्या नकाशांचे गठ्ठेही गेले.

उपप्राचार्या शीजा मॅडम मूळच्या त्रिशूरच्या. इथे वीस-बावीस वर्षं काढलेली, आवाज कधी न चढवणारी बाई. त्यांनी शिक्षिकांच्या बैठकीत स्पष्ट सांगितलं. शिक्षिका वर्षाच्या मध्येच जाऊ लागल्या होत्या. कोणाच्या नवऱ्याची जागा सौदी माणसाला गेली, कोणाला कुटुंबावरचा कर परवडेना. फिजिक्सची बाई ऑक्टोबरात गेली, तिच्या जागी डिसेंबरपर्यंत कोणी मिळालं नाही. म्हणून प्रत्येक धडा बोर्डावर रेकॉर्ड करून ठेवायचा.

"टीचर जाएगी, लेसन रहेगा," त्या म्हणाल्या.

"और बच्चे?" उर्दूच्या बाईंनी विचारलं.

"बच्चे भी जाएँगे. लेसन रहेगा."

कोणी हसलं नाही. त्या विनोद करत नव्हत्या. त्यांचा स्वतःचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, त्या वर्षी कुठवर होता हे तिथे बसलेल्या कोणालाच माहीत नव्हतं. असं विचारत नसत.

यंत्राविरुद्ध तक्रार करणं सोपं आहे आणि ती इथे करायची नाही. नदी कशी वाहते, वळणावर काठ कसा कापते, हे त्या बोर्डावर मुलींनी पहिल्यांदा पाहिलं. मुस्कानने वळणाचं चित्र तीनदा लावायला सांगितलं. फळ्यावर खडूने काढलेल्या निळ्या रेघेने हे कधी साधलं नसतं. तंत्रज्ञान वर्गात यावं की नाही हा प्रश्न नव्हताच. ते आलं होतं. फळा काढल्यावर जागा कसली रिकामी झाली, एवढंच पाहायचं राहून गेलं होतं.

*

नकाशाचा पाठ डिसेंबरात रेकॉर्ड झाला. शीजा मॅडमनी सूचना दिली होती: "फेस नहीं आना चाहिए. टीचर का भी नहीं, लडकी का भी नहीं. सिर्फ हाथ और आवाज." मुस्कानचा उच्चार स्पष्ट, म्हणून तिला बोलावलं. नुकतंच तिच्या नात्यातल्या कोणाचं तरी लग्न झालं होतं, मेंदी नखांपर्यंत उतरली होती.

बोर्डावर भारताचा नकाशा. बाजूला बंदरांच्या नावांच्या पट्ट्या. पट्टीवर बोट ठेवायचं, ओढत न्यायचं आणि बरोबर जागेच्या जवळपास सोडायचं. जवळ आली की पट्टी स्वतःच सरकून नेमक्या जागी बसे, हिरवी खूण उमटे आणि घंटी वाजे. मुस्कानने गोव्यातल्या मार्मागोवाची पट्टी ओढली आणि अरबी समुद्रात सोडून दिली. पट्टी घसरत किनाऱ्याला लागली. टिंग.

"खुद चला गया!" ती म्हणाली आणि हसली. ते हसू रेकॉर्डिंगमध्ये राहिलं आहे. काढून टाकावंसं कोणाला वाटलं नाही.

जानेवारीत पूर्वपरीक्षा झाली. कागदावर. उत्तरपत्रिका तपासताना पहिल्या मुलीचं मार्मागोवा समुद्रात सापडलं, किनाऱ्यापासून बोटभर दूर. चूक म्हणून काट मारली. दुसरीचंही समुद्रात. पाचवीनंतर काट मारणं थांबवलं आणि नुसत्या नकाशाची पानं उलटली. जवळजवळ सगळ्या वर्गाची बंदरं पाण्यात होती. लोखंडाच्या खाणी शेजारच्या राज्यांत गेल्या होत्या. धरणं नद्यांच्या अलीकडे थांबली होती. माहिती सगळ्यांना होती. नावं बरोबर, क्रम बरोबर. ठिपके तेवढे जवळपास सोडून दिलेले.

मुस्कानला विचारलं, "अगं, बंदर पाण्यात कसं?"

"मॅम, पास में तो रखा है."

"पण पास म्हणजे तिथे नव्हे ना."

तिने कागदाकडे पाहिलं, मग बोर्डाकडे. "बोर्ड पे इतना पास रखो तो वो ले लेता है," ती म्हणाली. तिला खरंच वाटत होतं की आपण आपला भाग केला आहे. उरलेला नकाशाने करायचा.

अशी चूक रत्नागिरीतली मुलगी करणार नाही. तिथे ज्यांना बोर्ड मिळाला त्यांच्याकडे फळाही असतो, आणि नाही म्हटलं तरी किनारा तिच्या पायाखाली असतो. ही चूक करायला दोन्ही गोष्टी जमून याव्या लागतात: ओढून घेणारा नकाशा, आणि जवळजवळ न पाहिलेला देश.

शीजा मॅडमकडे कोरे नकाशे वापरायची परवानगी मागितली. त्यांनी उत्तरपत्रिका पाहिल्या, बराच वेळ पाहिल्या. पालकांना बोर्ड दाखवून फी घेतली आहे, तासाला बोर्डच लागेल, असं म्हणाल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "रिसेस में कौन क्या करता है, मैं नहीं देखती."

तेव्हापासून मधल्या सुट्टीत जिन्याखालच्या कपाटासमोर, फरशीवर बसून मुली डबा खात आणि नकाशे भरत. एका हातात पराठा, एका हातात पेन्सिल. नकाशांवर तेलाचे डाग पडले. "मॅम, मेरे राजस्थान में तेल निकला," अशी एकीने बातमी दिली. ठिपके हळूहळू पाण्यातून बाहेर येऊ लागले.

*

मुस्कानच्या वडिलांना पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्या दुकानात. मुलींच्या विभागात वडील फाटकापर्यंतच येऊ शकतात, त्यामुळे कित्येक पालकांचा आवाज फोनवरच ओळखीचा असतो. चष्म्याची दांडी तुटली होती, म्हणून संध्याकाळी नवऱ्याबरोबर बाजारात जाणं झालं. सलीमभाई काउंटरच्या आत उभे होते. त्यांच्या शेजारी पायघोळ काळ्या अबायातली एक तरुण सौदी मुलगी भिंग चौकटीत बसवत होती आणि ते तिला हाताने दाखवत होते, दाबू नको, फिरव.

"ही अबीर," त्यांनी ओळख करून दिली. "माज्या जागेवर हाय. आता शिकतेय."

हे ते साध्या सुरात म्हणाले. चष्म्यांच्या दुकानांतल्या बहुतेक जागा सौदींना द्यायचा नियम त्या हिवाळ्यात लागू झाला होता. कफील म्हाताऱ्याने, म्हणजे ज्याच्या नावावर त्यांचा परवाना होता त्या मालकाने, दोन महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, इकामा संपला की पुढचा होणार नाही, तोवर या नव्या मुलीला तयार कर. अबीर ऑप्टिक्सचीच पदविका घेऊन कित्येक वर्षं घरी बसली होती. ही तिची पहिली नोकरी. ती सलीमभाईंना उस्ताद म्हणत होती.

दांडी जोडून होईपर्यंत त्यांनी विचारून घेतलं. "बाई, शेवटचा पेपर तुमचाच ना? भूगोल येतो तो, समाजशास्त्राचा?"

"हो."

"तो आधी देता येत नाय काय? एकटीला? कोनत्या हाफिसात बसवा, दार लावा."

"नाही, सलीमभाई. सगळीकडे एकाच दिवशी असतो."

"मंग इंडियात जाऊन दिला तर? तेवडा एकच?"

केंद्र बदलायची मुदत केव्हाच संपली होती. तेही सांगितलं.

त्यांनी हिशेब मांडला तो असा. इकामा संपायच्या आत खुरूज, म्हणजे कायमचं देश सोडण्याचा शिक्का, घ्यावाच लागतो. नाहीतर दंड आणि पुढची बंदी. शिक्का लागला की निघायला दोन महिने मिळतात. त्यांनी तो शेवटच्या दिवसापर्यंत लांबवला होता. तरीही दोन महिने संपत होते ते शेवटच्या पेपरच्या आदल्या आठवड्यात. बाकीचे सगळे पेपर आत बसत होते. हा एक बाहेर राहत होता.

"एक आठवडा, बाई. बोर्डाला विचारा, कफीलला विचारा, सरकारला विचारा. सगळे बोलतात, कायदा हाय. मी कुठं बोलतो कायदा नाय? पोरगी दहा वर्षं शिकली, ती पन हाय ना?"

अबीरला भाषा कळत नव्हती, सूर कळला असावा. तिने विचारलं, ही बाई मुआल्लिमा आहे का, मुलीची शिक्षिका? मग तिने सलीमभाईंचा फोन मागून कफीलला लावला. बराच वेळ भरभर बोलली. मध्ये हात जोडावेत तसा मोकळा हात हवेत धरला. समोरून काय आलं ते ऐकू आलं नाही. तिने फोन काउंटरवर ठेवला.

"माफी फायदा, उस्ताद. खलास." म्हणजे काही उपयोग नाही, संपलं.

दुकानात सौदी कामगार पुरेसे होईपर्यंत म्हाताऱ्याच्या सगळ्याच फायली ऑनलाइन अडकलेल्या होत्या. तो करू इच्छित असता तरी बटण दाबलं जाणार नव्हतं, असं सलीमभाईंनी समजावलं. म्हाताऱ्याबद्दल ते वाईट बोलले नाहीत. चष्मा पुसून हातात देताना म्हणाले, "जी माज्या जागेवर आली, तीच माज्यासाठी भांडली. आता कोनाला शिव्या द्यायच्या, तुमी सांगा."

बातमीत चूक करणारा कोणीतरी लागतो. इथे तो सापडला नाही. प्रत्येक नियमाला आपलं कारण होतं. प्रत्येक माणूस मुलीच्या बाजूनेच बोलत होता. फक्त त्या सगळ्यांची बेरीज एका आठवड्याने कमी पडत होती.

*

मुस्कानला हे सगळं माहीत होतं. तरीही ती मधल्या सुट्टीत कपाटासमोर येऊन बसे. एका मैत्रिणीने विचारलं, "तुझे तो ये पेपर देना ही नहीं है, तू क्यों कर रही है?" शब्द लागणारे होते, पण तिला लागावेत म्हणून बोललेले नव्हते.

"टाइम है," मुस्कान म्हणाली. "डब्बा भी है."

ती पेन्सिलचं टोक किनाऱ्याच्या रेघेवर टेकवी, मग थांबे, आणि जरा आत की बाहेर ते ठरवून मग दाबे. शेवटच्या दिवसांत तिच्या नकाशावर चूक काढायला जागा राहिली नव्हती. हे पाहणं सोपं नव्हतं. शिकवणाऱ्याला विद्यार्थ्याने चुकावं असं वाटण्याचे प्रसंग फार येत नाहीत.

पेपर सुरू झाले. दर पेपरला धूळ होती. एकदा इतकी आली की बसेस दिवे लावून आल्या. मुस्कानने भाषा, गणित, विज्ञान सगळं दिलं. विज्ञानाचा पेपर सुटल्यावर तिने फाटकाशी येऊन सांगितलं, "मॅम, कल फ्लाइट है. जेद्दा से." तिच्यामागे रस्त्यावर सलीमभाई गाडीत बसून होते. त्यांनी काचेतून हात वर केला. यल्ला, चल आता, असं त्यांनी मुलीला खुणेने म्हटलं, पण गाडी लगेच सुरू केली नाही.

शेवटच्या पेपरला विषयाच्या शिक्षिकेला सभागृहात जाता येत नाही. शीजा मॅडम पर्यवेक्षणाला होत्या. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "उसकी टेबल पे पेपर रखना पडता है. रूल है. आधा घंटा रखा. फिर उठाया." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. त्या आपल्या खोलीत गेल्या आणि त्या दिवशी त्यांनी कोणाला आत बोलावलं नाही.

नकाशात मार्मागोवा नव्हतं. दुसरं बंदर होतं. बाहेर आलेल्या मुलींनी हात वर करून सांगितलं, किनाऱ्यावर ठेवलं, मॅम, किनाऱ्यावर.

*

पुढचं ऐकीव आहे. एप्रिलमध्ये फोनवर मुस्कानचा आवाज आला, मागे कोंबडा आणि बोटीचं इंजिन. "मॅम, नदी है. बारिश नहीं है, फिर भी है. मैं जुम्मे को भी देखने गई." एवढंच. निकाल लागला तेव्हा सगळ्या विषयांत ती चांगली होती आणि एका विषयापुढे गैरहजर असं छापलं होतं. जुलैत तिने पुरवणी परीक्षा दिली. त्यासाठी पहाटेच्या एसटीने दूरच्या शहरात जावं लागलं. त्या पेपरात काय आलं, ते तिने कळवलं नाही. पास झाल्याचं सलीमभाईंनी कळवलं, आणि हेही, की अकरावीचे प्रवेश तोवर आटोपले होते. "एक वर्ष घरात बसंल," ते म्हणाले. "मंग बघू." त्यानंतर त्यांचा नंबर लागेनासा झाला.

अबीर अजून त्या दुकानात आहे. आता ती दुसऱ्या एका मुलीला शिकवते. दाबू नको, फिरव, हे ती हातानेच दाखवते.

शीजा मॅडम पुढच्या वर्षी त्रिशूरला परत गेल्या. त्यांनी म्हटल्याप्रमाणे पाठ राहिले. फिजिक्सच्या बाईंचा आवाज वर्गात येतो, उर्दूच्या बाईंचा येतो. नव्या शिक्षिका ते लावतात आणि शेजारी उभ्या राहतात. अभ्यासक्रम वेळेत पूर्ण होतो. निकालही चांगले लागतात. मुलं कमी, बोर्ड तेवढेच, आवाज जास्त, अशी आता शाळा आहे.

वरचं काल लिहिलं. आज नकाशाचं रेकॉर्डिंग लावलं. सतरा मुली पाहत होत्या. खिडकीबाहेर सगळं पिवळं होतं. मेंदी उतरलेला हात आला, बाजूच्या पट्ट्यांवर फिरला, मार्मागोवावर थांबला.

"कौन है ये, मॅम?" पहिल्या बाकावरून विचारलं.

"दहावीतलीच होती. तुमच्यासारखी."

"पास हो गई थी?"

हाताने पट्टी ओढली आणि अरबी समुद्रात सोडली. पट्टी सरकायच्या आधी एक क्षण जातो. दर वर्षी त्याच क्षणी रेकॉर्डिंग थांबवते. घंटी वाजत नाही. हसू ऐकू येत नाही. बंदराचं नाव पाण्यात, आणि बोटं त्याच्यापासून थोडी दूर, तशीच.

"हिचं पुढे कागदावर बरोबर येत होतं," एवढं सांगितलं आणि कोऱ्या नकाशांचा गठ्ठा सोडून पहिल्या बाकाकडे दिला. मुलींनी आधी त्यांच्यावरची धूळ फुंकली.